हाएन: ऑलिव्हच्या समुद्राआड दडलेला स्पेनचा सीमाप्रांत

पाणवठा

गेली सहा वर्षं आम्ही ग्रानादात राहतो. माद्रिदला जाताना-येताना दर वेळी एक प्रांत आडवा येतो आणि दर वेळी गाडी न थांबता त्यातून निघून जाते. आमचीच काय, सगळ्यांचीच. गेल्या दोन वर्षांत मात्र ठरवून तिथे थांबायला लागलो आणि आता त्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आधी नाव. नकाशात ते इंग्रजी 'जे'नं सुरू होतं, त्यामुळे आपण 'जाएन' वाचतो. स्पॅनिशमध्ये त्या अक्षराचा उच्चार घशातून येणाऱ्या 'ख'सारखा, आणि दक्षिण स्पेनमधल्या आंदालुसियातली माणसं तो आणखी मऊ करून सरळ 'हाएन' म्हणतात. मूळ अरबी नाव जय्यान. म्हणजे सुरुवातीला 'ज'च होता, शतकानुशतकं जिभेवर घासून त्याचा 'ह' झाला. मी इथे हाएनच लिहिते.

प्रांताचा आकार समजून घ्यायचा तर धान्य पाखडायचं सूप डोळ्यांसमोर आणा. तीन बाजूंना काठ, चौथी बाजू उघडी. उत्तरेचा काठ सिएरा मोरेना डोंगरांचा, पूर्वेचा काथोर्ला आणि सेगुरा रांगांचा, दक्षिणेचा माहिना रांगेचा. माहिनाचं शिखर २,१६० मीटरच्या वर जातं, हिवाळ्यात ते पांढरं असतं. उघडी बाजू पश्चिमेची, आणि तिथूनच ग्वादालकिविर नदी कोर्दोबा, सेवियाकडे बाहेर पडते. क्षेत्रफळ साधारण साडेतेरा हजार चौरस किलोमीटर, लोकसंख्या सव्वासहा लाखांच्या आसपास.

या सुपाच्या उत्तरेच्या काठाला एक खाच आहे, देस्पेन्यापेर्रोस. उंच सरळ कडे, खाली अरुंद दरी. ला मांचाच्या पठारावरून आंदालुसियात उतरायची ही मुख्य वाट. आजचा माद्रिद-कादिस महामार्ग इथूनच येतो. माझं म्हणणं असं की हाएनचा सगळा इतिहास या एका खाचेतून आत आला. वाट ज्याच्या हातात, त्याच्या हातात दक्षिण स्पेन.

इसवी सनापूर्वीची आयबेरियन माणसं हे ओळखून होती. खिंडीजवळच्या कोयादो दे लोस हार्दिनेस इथे त्यांचं देवस्थान होतं आणि तिथे नवसाच्या ब्राँझच्या मूर्ती हजारोंनी सापडल्या आहेत. बोटभर उंचीच्या. हात जोडलेल्या, हात पसरलेल्या, घोड्यावर बसलेल्या, काही तर नुसता पाय किंवा नुसता हात. दुखऱ्या अवयवाची प्रतिकृती देवाला वाहायची. हाएन शहरातल्या संग्रहालयात एका काचेमागे त्या ओळीनं ठेवल्या आहेत. त्यांच्यापुढून माझा पाय निघत नव्हता.

मग १६ जुलै १२१२. कास्तियाचा आल्फोन्सो आठवा, आरागोनचा पेद्रो दुसरा आणि नाव्हाराचा सांचो सातवा असे तीन ख्रिस्ती राजे एकत्र येऊन डोंगर उतरले आणि खिंडीच्या दक्षिणेला लास नाव्हास दे तोलोसा इथे तेव्हा दक्षिण स्पेनवर राज्य करणाऱ्या अल्मोहाद घराण्याचा मुस्लिम खलिफा मुहम्मद अल-नासिरशी त्यांची लढाई झाली. मुख्य वाट खलिफाच्या सैन्यानं रोखली होती. एका मेंढपाळानं दुसरी वाट दाखवली अशी आख्यायिका आहे. खलिफाचा पराभव झाला आणि दक्षिण उघडी पडली.

पण मला जास्त ओढ लावते ती पुढची घटना. १२४६ मध्ये कास्तियाचा राजा फेर्नांदो तिसऱ्यानं हाएनला वेढा घातलेला होता. हे शहर ज्याच्या ताब्यात होतं तो मुहम्मद इब्न अल-अहमर याच प्रांतातल्या आर्होनाचा. त्यानं विचार केला आणि हाएन देऊन टाकलं. बदल्यात मांडलिक म्हणून ग्रानादाचं राज्य राखलं. त्याच्याच वंशानं ग्रानादाचा अल्हाम्ब्रा हा राजवाडा-किल्ला उभारला, त्याच वंशानं १४९२ पर्यंत तिथे राज्य केलं. रोज सकाळी आमच्या खिडकीतून मला अल्हाम्ब्राची भिंत दिसते. हाएन गेलं म्हणून ती उभी राहिली, हे कळल्यापासून ती भिंत मला वेगळी दिसायला लागली.

आणि हाएनच्या वाट्याला काय आलं? जवळजवळ अडीचशे वर्षं सीमेवर राहणं. म्हणून इथे टेकडी दिसली की तिच्यावर किल्ला किंवा टेहळणीचा बुरूज दिसतोच. शहराच्या बिरुदातच 'कास्तियाच्या राज्यांचा पहारा आणि बचाव' असे शब्द आहेत. शहराच्या डोक्यावर सांता कातालिनाचा किल्ला आहे. संध्याकाळी तिथून खाली पाहिलं की चहूकडे रांगाच रांगा. कुणीतरी फणी घेऊन डोंगर विंचरावेत तशी ऑलिव्हची झाडं, रोमन काळापासून चालत आलेली. जवळजवळ सहा कोटी साठ लाख झाडं आहेत म्हणतात.

बाकी खूप आहे. ज्यांना माहिती असेल त्यांनी भर घाला, चुकलं असेल तिथे सांगा.

---

जुईली

काय सुरेख लिहिलंय! दोनदा त्या रस्त्यानं गेलोय आणि दोन्ही वेळा बसमध्ये झोपले होते. फार हळहळ वाटतेय आता.

नवसाच्या मूर्तींचं वाचून थबकले. आपल्याकडेही चांदीचे डोळे, चांदीचे हातपाय देवाला वाहतात. इतक्या दूर, इतक्या आधी तेच!

---

काळीभोर

धागा आवडला. माझं शिक्षण शेतीचं आहे आणि कोर्दोबा विद्यापीठात ऑलिव्हवर काम करताना तीन हंगाम हाएनच्या शेतांत काढले आहेत. त्यामुळे एक दुरुस्ती सुचवतो, राग मानू नका.

"रोमन काळापासून चालत आलेली" हे खरं नाही. ऑलिव्हचं झाड इथे फार जुनं, यात शंका नाही. रोमन काळात बाएतिका प्रांताचं तेल जहाजांनी रोमला जात असे. त्या तेलाच्या फुटक्या रांजणांचा रोममध्ये अक्षरशः डोंगर झाला आहे, मोंते तेस्ताच्चो. पण त्या व्यापाराचा गाभा खाली, कोर्दोबा आणि सेवियाच्या दरम्यान नदीकाठी होता. हाएनमध्ये तुम्ही पाहिलात तो समुद्र बऱ्याच अंशी गेल्या दोनशे वर्षांतला आहे. अठराव्या शतकात इथे मुख्य पीक धान्य होतं. गहू, जव, मधूनमधून ऑलिव्ह, आणि भरपूर चराऊ रान.

बदल झाला तो जमिनीच्या मालकीमुळे. १८३६ मध्ये मेंदिसाबाल आणि १८५५ मध्ये मादोस या मंत्र्यांनी कायदे करून आधी चर्चच्या, मग गावांच्या सामाईक जमिनी लिलावात काढल्या. ज्यांच्याकडे रोकड होती त्यांनी त्या घेतल्या आणि विकाऊ पीक लावलं. मग रेल्वे आली, तेल बंदरापर्यंत पोचू लागलं. विसाव्या शतकात लागवड आणखी वाढली आणि १९८६ मध्ये स्पेन युरोपीय समुदायात गेल्यावर अनुदानामुळे उरलेसुरले उतारही भरले.

आता झाडाकडे जवळून बघा. हाएनचं पारंपरिक झाड एका बुंध्याचं नसतं. एका आळ्यात तीन-चार फाटे तिरके रोवतात, त्यांचे पुढे दोन-तीन बुंधे होतात आणि वर सगळ्यांचा मिळून एकच घेर. लांबून ते एक झाड वाटतं. दोन झाडांमधलं अंतर दहा-बारा मीटर, कारण पाऊस कमी आणि प्रत्येक झाडाला आपल्यापुरती ओल जमिनीतून ओढायची असते. जात जवळपास सगळी पिकुआल. फळाला टोक असतं, म्हणजे पिको, म्हणून पिकुआल.

---

पाणवठा

काळीभोर, राग कसला, मनापासून आभार. वरचं वाक्य मी तसंच ठेवते, म्हणजे तुमच्या प्रतिसादाचा संदर्भ राहील. पण आता माझी समजूतच बदलली. मला तो समुद्र किल्ल्यांपेक्षा जुना वाटत होता, आणि तो तर आगगाडीच्या वयाचा निघाला!

घाण्याचा एक अनुभव सांगते. गेल्या जानेवारीत मार्तोसजवळच्या एका गावात रात्री आठला आम्ही सहकारी घाण्यावर गेलो. (घाणा म्हणते खरी, पण आत सगळं पोलादी यंत्र आहे.) फाटकाबाहेर ट्रॅक्टरांची रांग, ट्रॉल्यांमध्ये जांभळी-काळी फळं. थंडी इतकी की तोंडातून वाफ निघत होती, आणि हवेत ओल्या गवताचा आणि कच्च्या टोमॅटोच्या पानाचा वास. ट्रॉली जाळीवर उलटते, वाऱ्याच्या झोतानं पानं-काड्या उडतात, फळं धुतली जातात, तोलली जातात आणि मूठभर नमुना बाजूला काढतात. शेतकरी पावती हातात घेऊन आधी बघतो तो उताऱ्याचा आकडा. किती किलो फळ आणलं याला अर्थ नाही, त्यातून तेल किती टक्के निघणार हा प्रश्न. वीस-बावीस टक्के आले की चेहरा खुलतो. म्हणजे एक लिटर तेलाला पाचेक किलो फळ.

मग बियांसकट रगडा. तो रगडा मोठ्या हौदात तासभर मंद फिरवत ठेवतात, सत्तावीस अंशांच्या आत, नाहीतर वास उडून जातो. शेवटी चक्रयंत्रातून एका तोटीला धार लागते, हिरवीगार, गढूळ. घाण्यावरच्या माणसानं पावाचा जाड तुकडा कापला, बोटानं मधला मऊ भाग उकरून खळगा केला, त्यात तेल ओतलं आणि उकरलेला गोळा वर झाकण म्हणून दाबला. याला ते 'ओयो' म्हणतात, म्हणजे खळगा. सोबत खारवलेला मासा आणि टोमॅटो. पहिल्या घासाला कडू, दुसऱ्याला घशात मिरीसारखं तिखट. मी खोकले. तो म्हणाला, खोकला आला म्हणजे तेल चांगलं आहे.

---

शब्दवेल्हाळ

मी पुण्यात स्पॅनिश शिकवते. या धाग्यावर एक वाक्प्रचार आलाच पाहिजे, कारण तो याच प्रांताचा आहे आणि अशा चर्चांना रोज लागतो. कुणी मुद्दा सोडून भलतीकडे गेला की स्पॅनिश माणूस म्हणतो, "हा उबेदाच्या टेकड्यांमध्ये गेला." आपण अवांतर म्हणतो ना, अगदी तेच.

गोष्ट अशी सांगतात: १२३३ मध्ये फेर्नांदो तिसऱ्यानं उबेदा घेतलं. त्या लढाईच्या दिवशी त्याचा एक सरदार गायब होता. सगळं संपल्यावर उगवला. राजानं विचारलं, होतास कुठे? तो म्हणाला, "महाराज, त्या उबेदाच्या टेकड्यांमध्ये वाट चुकलो." त्या टेकड्या काही फार उंच नाहीत. कोणी म्हणतं तो घाबरला होता, कोणी म्हणतं पलीकडच्या एका मुलीच्या प्रेमात होता. आठशे वर्षं झाली, तो अजून तिथेच फिरतोय.

उबेदा आणि शेजारचं बाएसा ही दोन गावं २००३ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. सोळाव्या शतकात उबेदाचा फ्रान्सिस्को दे लोस कोबोस सम्राट चार्ल्स पाचव्याचा सचिव झाला, हाती अमाप पैसा आला, आणि आंद्रेस दे वांदेलविरासारखा वास्तुकार मिळाला. एवढ्याशा गावात इटलीच्या तोडीचे वाडे आणि चर्च. हाएनचं प्रचंड कॅथेड्रलही वांदेलविराच्याच आराखड्याचं.

बाएसाबद्दल एकच सांगते. कवी आंतोनियो माचादोची तरुण बायको १९१२ मध्ये सोरियात वारली. त्यानं बदली मागितली आणि बाएसाच्या शाळेत फ्रेंचचा मास्तर म्हणून आला. १९१९ पर्यंत तिथेच होता. तो वर्ग अजून राखून ठेवला आहे, लाकडी बाकांसकट. मी त्या बाकाजवळ उभी राहिले होते. खिडकीतून थंडी येत होती, आणि एवढा मोठा कवी रोज इथे पोरांकडून क्रियापदांची रूपं घोकून घेत होता, हा विचार काही केल्या मनातून जाईना.

---

ऱ्हाइनकाठ

आम्ही जर्मनीत राहतो. पाणवठा, तुमच्या खिंडीतून आणखी एक लाट आत आली, ती जर्मन लोकांची, आणि ती इथेही फारशी कुणाला माहीत नसते.

अठराव्या शतकात माद्रिद ते कादिस बंदर या रस्त्याचा सिएरा मोरेनातला टप्पा निर्मनुष्य होता. अमेरिकेहून आलेला माल याच रस्त्यानं जायचा आणि दरोडेखोर वाट बघत बसलेले असायचे. राजा कार्लोस तिसऱ्यानं ठरवलं की रस्ता राखायला शिपाई ठेवण्यापेक्षा माणसं वसवावीत. ट्युरीगल नावाच्या एका बव्हेरियन माणसाशी सहा हजार कॅथलिक वसाहतकरी आणायचा करार झाला, १७६७ मध्ये खास सनद निघाली आणि काम पाब्लो दे ओलाविदे या अधिकाऱ्याकडे सोपवलं. दर कुटुंबाला पन्नास फानेगा (जुनं स्पॅनिश माप) जमीन, जनावरं, बियाणं. ला कारोलिना, सांता एलेना, ग्वार्रोमान, कार्बोनेरोस ही गावं त्यातली. सरळ आखलेले रस्ते, चौकोनी चौक. मुलांना शाळेची सक्ती आणि मठ बांधायला मनाई, हे त्या सनदेतच होतं!

पहिल्या दोन-तीन वर्षांत तापानं आणि उन्हानं माणसं पटापट गेली. ओलाविदेवर पुढे धर्मन्यायालयात खटला झाला आणि १७७८ मध्ये शिक्षा सुनावली गेली. पण गावं टिकली. तिथे आजही काही घरांची आडनावं जर्मन आहेत, उच्चार पार स्पॅनिश झालेला. ईस्टरच्या रविवारी मुलं अंडी रंगवतात. आसपासच्या स्पेनमध्ये ही चाल नाही, ती आमच्या इथली. भाषा विसरली, अंडी राहिली.

ग्वार्रोमान हे नाव मात्र अरबी. वादी-अर-रुम्मान, डाळिंबांची नदी.

---

तोफखाना

बाइलेन कसं विसरलात मंडळी? १९ जुलै १८०८. नेपोलियनचा सेनापती द्यूपाँ कोर्दोबा लुटून आन्दुहारला आला होता आणि खिंड गाठायची म्हणून रात्रीतून निघाला. बाइलेनला वाट अडवून स्पॅनिश सेनानी रेडिंगचं सैन्य उभं. स्पॅनिशांचा मुख्य सेनापती कास्तान्योस मागून येत होता. लढाई पहाटे सुरू झाली ती भर दुपारपर्यंत चालली. जुलैतलं तिथलं ऊन ज्यांनी अनुभवलंय त्यांना सांगायला नको. विहिरी स्पॅनिशांकडे, फ्रेंचांच्या तोंडाला कोरड. शेवटी शरणागती, आणि १७ हजारांवर फ्रेंच सैनिक कैद झाले. नेपोलियनच्या एका अख्ख्या सैन्याचा खुल्या मैदानातला हा पहिला मोठा पराभव. त्यानं स्पेनच्या गादीवर बसवलेल्या भावाला, जोसेफला, माद्रिद सोडावं लागलं.

गावाच्या मानचिन्हावर फुटका घडा आहे. मारिया बेयिदो नावाची बाई सैनिकांना पाणी पाजत होती, तिच्या घड्याला गोळी लागून तो फुटला, तरी तिनं खापरात राहिलेलं पाणी सेनापतीला दिलं अशी कथा. लढाया तोफांनी जिंकतात असं आम्ही शिकलो. या गावानं मानचिन्हावर घडा घेतला.

---

खाणकरी

मी खाण अभियंता, आता निवृत्त. लिनारेसचं नाव अजून आलं नाही म्हणून लिहितो.

हाएन म्हणजे तेल, हे अर्धंच. लिनारेस आणि ला कारोलिनाच्या पट्ट्यात जमिनीखाली शिशाच्या शिरा आहेत आणि शिशासोबत चांदी. लिनारेसजवळ कास्तुलो नावाच्या प्राचीन नगराचे अवशेष आहेत. त्या नगराचं वैभव या चांदीवर होतं. हानिबालची बायको इथली, असं रोमन इतिहासकार लिव्ही सांगतो. कार्थेजच्या सेनापतीला हिस्पानियात सैन्य पोसायला चांदी हवी होती, तेव्हा या सोयरिकीचं कारण वेगळं शोधायला नको.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रज कंपन्या वाफेचे पंप घेऊन आल्या, कारण खोल गेलं की पाणी लागायचं. कॉर्नवॉलमधल्यासारखी दगडी पंपघरं आणि त्यांची उंच धुराडी आज ऑलिव्हच्या शेतांतून एकेकटी उभी दिसतात. त्या काळी लिनारेस हे जगातल्या मोठ्या शिसे-उत्पादक भागांपैकी एक होतं. गावात इंग्रजांचं वेगळं कब्रस्तान आहे. कामगार मात्र शिशाच्या विषानं आणि छातीत धूळ भरून तरुणपणी जात. त्यांची नावं कोणत्याही पंपघरावर नाहीत.

खाणी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला कायमच्या बंद पडल्या. मोटारींचा कारखाना होता, लँड रोव्हरच्या परवान्यानं जीप बनवायचा, तोही २०११ मध्ये बंद झाला. ज्या गावानं १८९३ मध्ये आंद्रेस सेगोव्हियासारखा गिटारवादक जगाला दिला, तिथले तरुण आज नोकरीसाठी माद्रिद-बार्सिलोना गाठतात. सबंध प्रांताचं तेच. १९५० च्या सुमाराला साडेसात लाखांवर लोकवस्ती होती.

---

रानवाट

पूर्वेच्या काठाबद्दल कोणीच बोलेना, म्हणून मीच लिहितो. काथोर्ला, सेगुरा आणि लास वियास मिळून १९८६ मध्ये निसर्ग उद्यान झालं, २ लाख हेक्टरांहून जास्त. स्पेनमधलं सर्वांत मोठं संरक्षित क्षेत्र. ग्वादालकिविरचा उगम इथेच. अरबी अल-वादी अल-कबीर, म्हणजे थोरली नदी, पण उगमापाशी ती एका उडीत ओलांडता येते. गंमत अशी की ती आधी ईशान्येला वाहते, समुद्राच्या उलट. मग त्रांकोच्या धरणापाशी डोंगर फोडून वळते आणि पश्चिमेची वाट धरते. तिथून जवळच सेगुरा नदी उगम पावते आणि ती भूमध्य समुद्राला जाते. एकाच डोंगरावरचा पाऊस, काही अटलांटिकला, काही भूमध्याला.

या दोन नद्यांवरून लाकूड वाहून नेलं जायचं. १७४८ मध्ये राजानं सेगुराची जंगलं आरमाराच्या ताब्यात दिली आणि समुद्र न पाहिलेला हा डोंगराळ मुलूख 'सागरी प्रांत' म्हणवला गेला. पाइनचे ओंडके नदीत सोडून, लांब काठीच्या आकड्यांनी ढकलत ओंडकेवाले एका नदीनं कादिसच्या, दुसरीनं कार्ताहेनाच्या गोदीकडे पोचवायचे. जंगलाचं त्यात अतोनात नुकसान झालं आणि रानावर जगणाऱ्या गावकऱ्यांना आपल्याच रानातली फांदी तोडायची चोरी झाली.

आणि आन्दुहारच्या डोंगरातला आयबेरियन लिंक्स! विसाव्या शतकाच्या शेवटी हे रानमांजर जगात दोनच ठिकाणी उरलं होतं, त्यातलं एक आन्दुहार. प्रौढ प्राणी शंभराच्या आत. पैदास केंद्रं, सशांची संख्या वाढवणं, जमीनमालकांशी करार, असं वीस वर्षं चिकाटीनं चाललं आणि आज स्पेन-पोर्तुगालमध्ये मिळून दोन हजारांवर आहेत. २०२४ मध्ये त्याची नोंद 'संकटग्रस्त'वरून एक पायरी खाली आली. मी तीन पहाटा दुर्बीण लावून बसलो होतो. तिसऱ्या दिवशी खडकावर कानाच्या टोकाचे काळे झुबके दिसले, तेवढेच. पण दिसले.

---

बांधावरून

सगळे प्रतिसाद वाचले. माझं गाव सांगली जिल्ह्यात, घरी ऊस. 'उतारा' शब्द वाचून एकदम घरचं वाटलं. पण मला जे दिसतं ते विचारतोच: साडेसहा कोटी झाडं, एकच पीक, त्यातही एकच जात. पाऊस गेला तर त्या प्रांतानं खायचं काय?

---

काळीभोर

योग्य जागी बोट ठेवलंत. मुळात ऑलिव्ह वर्षाआड येतो, आपल्या हापूससारखा. एका साली भरून, पुढच्या साली हलका. त्यात दुष्काळ आला की संपलंच. २०२२-२३ च्या हंगामात स्पेनचं तेल आदल्या वर्षीच्या पंधरा लाख टनांच्या आसपासवरून सात लाखांच्याही खाली आलं. त्यात सर्वांत मोठा फटका हाएनला, कारण एकटा हा प्रांत देशाच्या तेलातला तिसऱ्या हिश्शाहून जास्त वाटा देतो. भाव दुपटी-तिपटीनं चढले, पण ज्याच्या झाडाला फळच नाही त्याला भावाचं काय?

आणि शेतकऱ्यापेक्षा मजुराचं जास्त वाईट. वर्षाची कमाई त्या तीन महिन्यांवर. लांब काठीनं फांद्या झोडायच्या, खाली पसरलेल्या जाळ्या ओढायच्या. आता फांदी हलवायची यंत्रं आली, तरी जाळी ओढणारे हात लागतातच. मोरोक्को आणि सेनेगलहून मुलं येतात. गावोगावी त्यांच्यासाठी निवारे आहेत, पण तिथे थोड्याच रात्री राहता येतं. पाऊस नाही, काम नाही, मग बसस्थानकावर पिशवी उशाला घेऊन झोपलेली पाहिली आहेत मी. सुपरमार्केटातल्या बाटलीवर हे कुठे लिहिलेलं नसतं.

---

पाणवठा

बांधावरून, याला धरूनच एक. आंदालुसियातल्या ऑलिव्हच्या भूदृश्याला जागतिक वारसा करावं म्हणून हाएनच्या प्रांतिक मंडळानं पुढाकार घेतला होता. पण छोट्या शेतकऱ्यांनी विरोध केला. उद्या झाड काढायचं, ठिबक घालायचं, शेड बांधायची तर परवानग्या मागत फिरायचं का? शेवटी प्रस्ताव मागे घेतला गेला. आधी मला वाईट वाटलं होतं. काळीभोरांचं वाचल्यावर त्यांची बाजू पटते. ज्या देखाव्यावर आपण भाळतो ते त्यांचं शेत आहे.

मिगेल एर्नांदेस हा कवी स्पेनच्या यादवी युद्धात १९३७ साली हाएनमध्ये होता. ही झाडं कुणाची, कुणाच्या घामानं वाढली, असं त्यानं ऑलिव्ह तोडणाऱ्यांनाच विचारणारी कविता लिहिली. तो पुढे १९४२ मध्ये तुरुंगात वारला. आज ती कविताच प्रांताचं अधिकृत गीत आहे.

१९३७ मध्येच १ एप्रिलला जर्मन विमानांनी हाएन शहरावर बाँब टाकले. दीडशेच्या वर माणसं गेली. गेर्निका या बास्क गावावरच्या प्रसिद्ध बाँबहल्ल्याच्या साडेतीन आठवडे आधी. शहरातलं एक भुयारी आश्रयस्थान आता बघता येतं, सांतियागो चौकाखाली. आत ओल, बुटकी कमान, भिंतीला लागून दगडी बाक. आमच्यासोबत ऐंशीच्या पुढच्या एक आजी होत्या, नातवाचा हात धरून आलेल्या. त्या पूर्ण वेळ एक शब्द बोलल्या नाहीत. बाहेर आल्यावर नातवाला म्हणाल्या, "माझी आई इथे बसली होती."

---

जुईली

अंगावर काटा आला.

आता ठरलंच, या हिवाळ्यात जायचं. दोन रात्री असतील तर कुठे राहावं? सोबत सासूबाई आहेत, फार चढ नको.

---

शब्दवेल्हाळ

दोन रात्री असतील तर उबेदात मुक्काम करा, बाएसा तिथून नऊ-दहा किलोमीटर. दोन्ही गावं टेकडीच्या माथ्यावर पसरलेली आहेत, त्यामुळे आत फिरायला सपाट. हाएन शहर मात्र चढाचं. तिथे सासूबाईंना वियादोम्पार्दो वाड्याखालचं अरबी हमामखाना दाखवा, अकराव्या शतकातला आहे. छतात ताऱ्यांच्या आकाराची भोकं आहेत, त्यातून उजेडाचे कवडसे खाली पडतात. बारा वाजण्याच्या सुमाराला जा.

---

पाणवठा

आणि जमलं तर १६ जानेवारीची रात्र साधा. हाएनमध्ये त्या रात्री सान आंतोन या संताच्या होळ्या पेटतात, वस्तीवस्तीत. जळण म्हणजे ऑलिव्हच्या छाटणीच्या फांद्या. काळीभोर, याला काही कारण आहे का?

---

काळीभोर

आहे ना. छाटलेला ऑलिव्ह शेतात पडून राहिला तर सालीत शिरणारा एक भुंगेरा त्यात अंडी घालतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाला तिथून उभ्या झाडांवर जातो. म्हणून फांद्या वेळेत जाळायच्या किंवा उचलायच्या. घरात हेच सरपण, शेतात हाच कचरा, आणि जानेवारीत हाच सण.

---

पाणवठा

मग ते असं आहे तर! गेल्या वेळी आम्ही सान हुआनच्या वस्तीत उभे होतो. ऑलिव्हचं लाकूड ओलं असलं तरी तडतडून पेटतं आणि ठिणग्या दुमजली घरांच्या वर जातात. बायका हात धरून जाळाभोवती फेर धरतात आणि गाणी म्हणतात, त्यांना 'मेलेंचोनेस' म्हणतात. एकीनं ओळ टाकायची, बाकीच्यांनी उचलायची, त्यात शेजाऱ्यांना टोमणे. त्याच रात्री शहरातून धावण्याची शर्यत असते, आणि लोक रस्त्याच्या दोन्ही कडांना मशाली धरून उभे राहतात. माझ्या मुलीच्या हातात कुणीतरी मशाल दिली. दुसऱ्या कुणीतरी कागदाच्या पुडीत मक्याच्या गरम लाह्या आणि भाजलेल्या भोपळ्याची फोड दिली. ती देणाऱ्या आजोबांना मी विचारलं, तुमची झाडं किती? "चारशे," ते म्हणाले, आणि मग थोडं थांबून, "दोनशे वडिलांनी लावलेली."